दोन हजार पिढ्यांची फॅमिली हिस्ट्री

नवीन पेशंट आला की आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो. "घरात कोणाला शुगर, बीपी, हार्टचा त्रास आहे का?" उत्तर बहुधा आईवडिलांपर्यंत येते, फार तर आजी-आजोबांपर्यंत. पणजोबांचे नाव माहीत असते, पण ते कशाने गेले असे विचारले तर "म्हातारपणाने" एवढेच कळते. त्यामागे कागद नाही आणि सांगणारेही कोणी उरलेले नाही.

शरीरात मात्र नोंद असते. आपल्या पेशींमधला डीएनए आईवडिलांकडून आलेला असतो, त्यांना तो त्यांच्या आईवडिलांकडून आलेला असतो, आणि ही साखळी कुठेही तुटलेली नसते. एक पिढी साधारण २५ वर्षांची धरली तर ५० हजार वर्षांत दोन हजार पिढ्या होतात. गेल्या ४० वर्षांत शास्त्रज्ञांनी हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतून डीएनए काढून वाचायला सुरुवात केली आणि या दोन हजार पिढ्यांच्या हिस्टरीतली बरीच पाने उलगडली. या कामासाठी २०२२ साली स्वांते पाबो या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे. जुन्या हाडांचा आणि वैद्यकशास्त्राचा काय संबंध, असे तेव्हा काहींनी मला विचारले होते. संबंध आहे आणि तो तुमच्या-माझ्या घरापर्यंत येतो. तो कसा, हे आज सविस्तर पाहू.

नकललेली पोथी

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने नकलून काढत. नकलताना एखादे अक्षर चुकायचे, आणि पुढचा लेखक ती चूकही तशीच उतरवून घ्यायचा. त्यामुळे दोन गावांतल्या दोन पोथ्यांत तीच चूक त्याच ओळीत सापडली, तर त्या दोन्ही कोणत्यातरी एकाच जुन्या पोथीवरून आल्या असे अभ्यासक ओळखतात.

डीएनएचेही असेच आहे. प्रत्येक पिढीत त्याची नक्कल होताना थोडी अक्षरे बदलतात. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात, काही उपयोगी पडतात, तर काहींमुळे आजार होतात. दोन माणसांतले सारखे बदल मोजले की त्यांचे नाते किती जवळचे ते कळते, आणि वेगळे बदल मोजले की ते नाते किती काळापूर्वी फुटले याचा अंदाज येतो. प्राचीन डीएनएचे सगळे शास्त्र या साध्या हिशेबावर उभे आहे.

प्रसूतिगृहातून आफ्रिकेपर्यंत

या कहाणीची सुरुवात जुन्या हाडांपासून झाली नाही, ती बाळंतपणात पडणाऱ्या वारेपासून झाली. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या कॅलिफोर्नियातल्या तिघांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांत मुळे असलेल्या १४७ जणांचा डीएनए तपासला. तो मुख्यतः वारेतून मिळवला होता. त्यांनी पाहिला तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या या सूक्ष्म भागांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आपल्याकडे आडनाव वडिलांकडून चालते, तसा हा आईकडून चालतो.

१९८७ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांची आईकडची वंशरेषा मागे नेत गेले तर ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपाशी पोहोचते, आणि ती बहुधा आफ्रिकेत राहत होती. त्या वेळी जगात ती एकटीच बाई होती, असा याचा अर्थ नाही. जिला फक्त मुलगेच झाले तिची ही 'आईकडची रेषा' तिथेच थांबते. अशा असंख्य रेषा थांबल्या आणि एक टिकली.

आफ्रिकेतल्या माणसांमध्ये डीएनएची विविधता सर्वांत जास्त आहे. ज्या पोथीच्या नकला सर्वांत आधीपासून होत आल्या, तिच्यात पाठभेद जास्त असणारच. आफ्रिकेबाहेरचे आपण सगळे, म्हणजे भारतीय, चिनी, युरोपीय, ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, मुख्यतः तिथून साधारण ५० ते ६० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका छोट्या गटाचे वंशज आहोत.

वासराचे लिव्हर आणि फसलेले दावे

जिवंत माणसाचा डीएनए वाचणे सोपे असते. मृत्यूनंतर मात्र पेशीतलीच पाचकद्रव्ये, जीवाणू, पाणी आणि उष्णता मिळून डीएनएचे तुकडे करतात. ३०० कोटी अक्षरांच्या ग्रंथातून बहुधा ३० ते ७० अक्षरांच्या चिठोऱ्या तेवढ्या उरतात, त्याही मातीतल्या जीवाणूंच्या डीएनएमध्ये मिसळलेल्या.

स्वीडनमध्ये वैद्यकीय संशोधनाचे विद्यार्थी असताना पाबो यांच्या डोक्यात इजिप्तच्या ममी घोळत होत्या. वाळलेल्या ऊतीत डीएनए टिकेल का, हे पाहण्यासाठी त्यांनी दुकानातून वासराचे लिव्हर आणले आणि प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये ५० अंश तापमानाला ठेवून वाळवले. त्याचा असा वास सुटला की गुपचूप चाललेला हा उद्योग सहकाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डीएनए मात्र काही प्रमाणात टिकला होता. १९८५ साली त्यांनी ममीच्या डीएनएवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांनाच कळून चुकले की तो डीएनए ममीचा नसून हाताळणाऱ्या आधुनिक माणसाचा असण्याची शक्यता मोठी आहे.

त्या काळात असे बरेच झाले. १९९४ साली तर डायनासोरच्या हाडातून डीएनए मिळाल्याचा दावा झाला, आणि तपासणीत तो माणसाचा निघाला! ऑपरेशन थिएटरमध्ये जंतुसंसर्गाची जशी धास्ती असते तशी या क्षेत्रात परक्या डीएनएची असते. शिंक, कोंडा, घामाचा थेंब, काहीही चालत नाही. म्हणून आज हे काम गाळलेल्या हवेच्या खोल्यांत, डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन केले जाते. जुना डीएनए ओळखण्याची एक खूणही सापडली आहे. काळाच्या ओघात तुकड्यांच्या टोकांशी ठरावीक अक्षरे ठरावीक पद्धतीने बिघडतात. ही झीज दिसली तर डीएनए जुना, नाही दिसली तर कालच कोणीतरी हात लावलेला.

नात्यातले निघालेले निअँडरथल

जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात १८५६ साली जाड भुवयांच्या हाडाची एक कवटी सापडली. त्यावरून त्या प्राचीन मानवाला निअँडरथल हे नाव पडले. हे लोक युरोप आणि पश्चिम आशियात लाखो वर्षे राहिले. आपल्यापेक्षा अंगाने दणकट, मेंदू आपल्याएवढाच मोठा. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी ते नाहीसे झाले.

१९९७ साली पाबो यांच्या गटाने त्याच मूळ सांगाड्याच्या हाडाचा छोटा तुकडा कापून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. तो आजच्या कोणत्याही माणसाशी जुळला नाही. त्यामुळे बहुतेकांनी मानले की आपला त्यांच्याशी संबंध आलाच नाही. पण ही फक्त आईकडची रेषा होती. उरलेला मजकूर वाचायला आणखी १३ वर्षे लागली. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवर काम झाले आणि २०१० साली निअँडरथलचा संपूर्ण डीएनए कच्च्या स्वरूपात जगासमोर आला.

तेव्हा चित्र पालटले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएमध्ये १ ते ४ टक्के भाग निअँडरथलकडून आलेला निघाला. पुढच्या नेमक्या मोजणीत हा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास आला. आपले पूर्वज आफ्रिकेतून बाहेर पडल्यावर वाटेत या लोकांना भेटले, त्यांच्यात राहिले आणि त्यांना त्यांच्यापासून मुले झाली. रुमेनियातल्या एका गुहेत सापडलेल्या सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा निअँडरथल पूर्वज तर अवघा चार ते सहा पिढ्या मागचा होता, म्हणजे पणजोबा-खापरपणजोबांच्या आसपासचा.

सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेत २००८ साली करंगळीच्या टोकाचे एक हाड मिळाले. त्यातला डीएनए आपल्याशीही जुळेना आणि निअँडरथलशीही. नुसत्या डीएनएवरून ओळख पटलेला हा पहिला प्राचीन मानवसमूह. त्याला डेनिसोव्हन म्हणतात. पापुआ न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत यांचा अंश बराच आहे. त्याच गुहेतल्या हाडाच्या एका चुऱ्यावरून २०१८ साली एका मुलीची ओळख पटली. ती सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीची, वय निदान १३ वर्षांचे. आई निअँडरथल, वडील डेनिसोव्हन. वेगळ्या मानवसमूहांतल्या जोडप्याचे थेट अपत्य असे हातात येईल, ही कल्पनाही कोणी केली नव्हती.

आज त्याचा आपल्याशी काय संबंध?

दोन टक्के म्हणजे थोडे वाटेल, पण त्यातले काही तुकडे आजही काम करतात. कोविडच्या साथीत एकाच घरातल्या दोघांपैकी एकाला नुसता ताप आणि दुसऱ्याला व्हेंटिलेटर, असे आपण सगळ्यांनी पाहिले. वय, मधुमेह, लठ्ठपणा ही त्याची मोठी कारणे होती. पण २०२० साली झेबर्ग आणि पाबो यांनी दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे ५० हजार अक्षरांचा एक तुकडा ज्यांच्याकडे असतो त्यांना गंभीर कोविडचा धोका वाढतो, आणि तो तुकडा निअँडरथलकडून आलेला आहे. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे तो असतो, युरोपात सुमारे १६ टक्क्यांकडे. पुढच्याच वर्षी त्यांनी बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा दाखवला. तो गंभीर कोविडचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. एकाच पूर्वजांकडून धोकाही आला आणि संरक्षणही.

तिबेटचे उदाहरण आणखी बोलके आहे. आपण लेहला गेलो की दम लागतो, डोके दुखते. तिथे बरेच दिवस राहिलो तर ऑक्सिजनची कमतरता भरून काढायला शरीर हिमोग्लोबिन वाढवते. ते फार वाढले की रक्त घट्ट होते आणि गुठळ्यांचा धोका येतो. तिबेटी लोक पिढ्यान्‌पिढ्या उंचावर राहतात, तरी त्यांचे हिमोग्लोबिन तसे बेसुमार वाढत नाही. याला कारणीभूत असलेल्या जनुकाचा त्यांच्यातला प्रकार डेनिसोव्हन लोकांकडून आलेला आहे, हे २०१४ साली सिद्ध झाले.

आता रंगाबद्दल थोडे. ब्रिटनमधल्या चेडर इथल्या गुहेत सापडलेला सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा माणूस, २०१८ च्या डीएनए अभ्यासानुसार, बहुधा सावळा ते काळा आणि निळ्या डोळ्यांचा होता. गोऱ्या साहेबाचा देश एके काळी सावळ्या माणसांचा होता. शिवाय युरोपीयांची त्वचा उजळ करणारा एक प्रमुख जनुकबदल भारतातही भरपूर आढळतो, आणि तो दोन्हीकडे एकाच जुन्या पूर्वजाकडून आला आहे. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सुस्वरूप' लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की ३०० कोटी अक्षरांतल्या मोजक्या अक्षरांसाठी आपण मुली नाकारत असतो.

राखीगढीची बाई

भारताबद्दल प्राचीन डीएनएची माहिती उशिरा आली. त्याचे पहिले कारण आपले हवामान. सैबेरियाच्या थंडीत डीएनए फ्रीजमध्ये ठेवल्यासारखा टिकतो, आपल्या उकाड्यात आणि पावसात तो लवकर नष्ट होतो.

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात राखीगढी हे सिंधू संस्कृतीतले मोठे शहर होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दफनभूमीचे उत्खनन झाले. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, त्यातल्या फक्त एकातून उपयोगी डीएनए मिळाला. तो नमुना एका स्त्रीचा होता, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचा. नमुना घेतला होता आतल्या कानाभोवतीच्या हाडातून. हे शरीरातले सर्वांत घट्ट हाड असल्याने डीएनए तिथे जास्त टिकतो. त्यातूनही शंभराहून अधिक वेळा प्रयत्न करून तुकडे जमवावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ५२३ प्राचीन माणसांच्या डीएनएचा, मध्य आशियापासून स्वात खोऱ्यापर्यंतचा, दुसरा मोठा अभ्यासही आला.

दोन्ही मिळून दिसणारे चित्र थोडक्यात असे. भारतीय उपखंडातल्या बहुतेकांच्या वंशात तीन मोठे प्रवाह आहेत. पहिला, आफ्रिकेतून निघून हजारो वर्षांपूर्वी इथे पोहोचलेल्या शिकारी-संग्राहकांचा. दुसरा, प्राचीन इराणच्या लोकांशी नाते असलेला. मात्र हे नाते शेती सुरू होण्याआधीच फुटलेले होते. राखीगढीच्या बाईत हे दोन प्रवाह दिसतात. तिसरा प्रवाह मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा. तो साधारण इ.स.पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आला. राखीगढीच्या बाईत तो नाही. आजच्या भारतीयांत तो कमीअधिक आहे, प्रदेशानुसार आणि समाजानुसार प्रमाण बदलते.

हे प्रसिद्ध झाले तेव्हा एकाच बाईच्या हाडावरून वर्तमानपत्रांत परस्परविरोधी मथळे आले. ज्याला जे हवे होते ते त्याने त्यातून उचलले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी आधीच, २००९ आणि २०१३ साली, आजच्या भारतीयांच्या डीएनएवरून सांगितलेली गोष्ट मात्र मथळ्यांत फारशी दिसली नाही. भारतातले दूरदूरचे समूह साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले. भिल्लांसारखे, ज्यांना आपण एकटे राहिलेले समजतो असे समाजही त्यातून सुटले नाहीत. एकाच प्रवाहातून आलेला 'शुद्ध' समाज भारताच्या मुख्य भूमीवर त्यांना आढळला नाही, ना वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत, ना आदिवासींत.

मग दारे बंद झाली

आणि इथून पुढचा भाग एक डॉक्टर म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून हे मिसळणे आटत गेले. कुठे आधी, कुठे नंतर, पण लग्न आपल्याच जातीत, आपल्याच पोटजातीत करायचे, हा नियम घट्ट झाला. कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेच्या २०१६ मधल्या अभ्यासात काही समाजांत हा बदल सुमारे ७० पिढ्यांपूर्वी झाल्याचे दिसले. इतिहासाच्या मोजमापाने ही अलीकडची गोष्ट आहे. पन्नास हजार वर्षांच्या प्रवासात माणसे जिथे भेटली तिथे मिसळली, आणि 'आमच्यात असेच चालत आले आहे' असे आपण ज्याला म्हणतो तो नियम शेवटच्या थोड्या पिढ्यांचा आहे.

त्याचा आरोग्याशी संबंध असा. प्रत्येकाच्या डीएनएमध्ये काही सदोष जनुके असतातच, तुमच्या आणि माझ्याही. पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. बऱ्याच आजारांत एक प्रत चांगली असली तर काम भागते. अशा व्यक्तीला आम्ही 'वाहक' म्हणतो, तिला आजार नसतो. आई आणि वडील दोघेही त्याच दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपसातच लग्ने करणाऱ्या समाजात एकाच दोषाचे दोन वाहक भेटण्याची शक्यता वाढते.

२०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ समाजांत हा परिणाम फिनलंडचे लोक आणि युरोपातले अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र निघाला. वैद्यकशास्त्रात हे दोन समाज याबाबत पाठ्यपुस्तकातली उदाहरणे मानले जातात. आणि त्या ८१ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकसंख्येचे १४ समाज होते. समाज मोठा आहे म्हणून धोका नाही, असे म्हणता येत नाही. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाचे उदाहरण भूलतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध काही मिनिटांत उतरायला हवे. त्या समाजातल्या काहींना ते उतरवणारे विकर जन्मतः नसते आणि श्वास बराच वेळ परत येत नाही. भूलतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर दुसरे औषध वापरता येते.

आपल्याकडे यात नात्यातल्या लग्नांची भर पडते. डेक्कन कॉलेजच्याच मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेचे प्रदेशवार चित्र मांडले. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत पसंतीचे, आणि महाराष्ट्र मधला. इथे मामाची मुलगी चालते, किंबहुना काही समाजांत तिच्यावर हक्कच समजतात. सख्ख्या मामे-आते भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा डीएनए सारखा असतो. बाळाला गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता सर्वसाधारण जोडप्यात सुमारे २ ते ३ टक्के धरली, तर अशा जोडप्यात ती जवळपास दुप्पट होते. बहुतेकांची मुले निरोगीच होतात. पण ज्या घरात दोष निघतो त्या घरापुरते प्रमाण शंभर टक्के असते, आणि बोल बहुधा सुनेला लावला जातो. विज्ञानाने ही गोष्ट स्पष्ट केली आहे. अशा आजारात दोन्ही प्रती लागतात, एक आईची आणि एक वडिलांची. एकट्या सुनेचा दोष असूच शकत नाही.

मग आपण काय करायचे?

१. लग्न ठरवताना किंवा निदान गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत थॅलेसेमिया आणि सिकल सेलसाठी रक्ताची तपासणी करून घ्या. 'हिमोग्लोबिन एचपीएलसी' असे तिचे नाव. आयुष्यात एकदाच करावी लागते. एकजण वाहक निघाला तर घाबरायचे कारण नाही, जोडीदाराची तपासणी करायची. दोघेही वाहक असतील तर गर्भाची तपासणी करता येते.

२. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागांत सिकल सेलचे प्रमाण जास्त आहे. सिकल सेलची एक प्रत मलेरियापासून संरक्षण देते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ती टिकली. दोन प्रती मात्र आजार देतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. त्यात तपासणी होते, तिचा लाभ घ्या. हा आजार कोणत्याही समाजाला लागलेला कलंक नाही.

३. आधीच नात्यात लग्न झाले असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लपवल्याने नुकसान बाळाचे होते. घरात लहान मुले दगावली असतील, मतिमंदत्व, बहिरेपणा किंवा वारंवार रक्त द्यावे लागणारा आजार असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा.

४. घरात कोणाला भूल दिल्यावर श्वास परत यायला वेळ लागला असेल, तर कोणत्याही ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञाला आठवणीने सांगा.

५. थुंकी पाठवून 'तुमचे पूर्वज कोण' ते सांगणारी किट हल्ली मिळतात. हौस म्हणून करायला हरकत नाही. पण त्यातली टक्केवारी ही त्या कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. त्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नका, आणि आपण श्रेष्ठ की कनिष्ठ हे तर मुळीच ठरवू नका.

६. शुगर, बीपी पूर्वजांच्या माथी मारून मोकळे होऊ नका. जनुके कल देतात, पण रोजचे चालणे, ताटातला भात आणि तंबाखूची पुडी आपल्या हातात असते.

पुढच्या वेळी घरात स्थळ पाहायला बसाल तेव्हा पत्रिकेबरोबर दोन्हीकडचे रक्ताचे रिपोर्टही समोर ठेवा. आणि मुलाने किंवा मुलीने जातीबाहेरचे स्थळ आणले म्हणून 'आपले रक्त बिघडेल' असे कोणी म्हणाले, तर त्यांना राखीगढीच्या बाईची गोष्ट सांगा. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिच्यातही दोन वेगळे प्रवाह मिसळलेले होते.